शब्दप्रधानतेचा दुसरा अर्थ : मेहकरची ‘शीळ’ आणि बाल्टिक-नॉर्डिक स्वररचना

मराठी संगीतविचारात ‘शब्दप्रधान’ हे विशेषण इतके रुळलेले आहे की त्यातील ‘शब्द’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. ‘शब्दप्रधान गायकी’ हे यशवंत देव यांच्या पुस्तकाचे नाव; ते पुढे एका संपूर्ण गानप्रकाराचे ओळखपत्र बनले. ख्याल स्वरप्रधान, भावगीत शब्दप्रधान ही विभागणी जवळजवळ वादातीत ठरली. परंतु ज्या चर्चांतून ही विभागणी वापरली जाते त्या बारकाईने वाचल्या तर असे दिसते की, ‘शब्द’ या संज्ञेच्या जागी बहुतेक वेळा ‘अर्थ’ ही संज्ञा नकळत येऊन बसलेली असते. गायकाने शब्द स्पष्ट उच्चारावेत, कारण अर्थ श्रोत्यापर्यंत पोचला पाहिजे. चालीने शब्दांना अनुसरावे, कारण कवितेतील भाव उमटला पाहिजे. ताना-आलापांना आवर घालावा, कारण त्यांनी आशय झाकोळतो. शब्द ही मुळात एक ध्वनिघटना आहे, तिला अक्षरसंख्या आहे, ऱ्हस्वदीर्घत्व आहे, आघात आहे, ती घडताना जीभ आणि ओठ यांचे विशिष्ट चलन होते, ही बाजू मात्र ‘उच्चारशुद्धी’ नावाच्या एका बापुड्या सदराखाली उरते. शब्दप्रधान म्हणजे अर्थप्रधान हे समीकरण त्यामुळे आपोआप तयार झाले आहे. ते अपरिहार्य आहे काय, असा प्रश्न विचारावयास हवा.

हा प्रश्न विचारण्यास एक बाहेरचे निमित्त उपयोगी पडते. एस्टोनिया, लिथुआनिया, फिनलंड या देशांतील समकालीन संगीताची एखादी संध्याकाळ मांडली जाते तेव्हा कक्षसंगीत, कंठसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक संगीत असे तीन प्रकार एकाच कार्यक्रमात शेजारी येतात. त्यांना बांधणारे सूत्र म्हणून सामान्यतः उत्तरेकडील हिम, अरण्य, दीर्घ संधिप्रकाश आणि शांतता यांचा उल्लेख केला जातो. हे सूत्र सोयीचे आहे आणि फसवे आहे. आर्वो पॅर्त, वेल्यो तॉर्मिस आणि काइया सारिआहो यांच्या रचना लागोपाठ ऐकल्या असता जे समान आढळते ते भूदृश्य नव्हे. भाषेतील अक्षराकडे, उच्चाराकडे, श्वासाकडे संगीताची उत्पादक सामग्री म्हणून पाहण्याची रीत होय. त्या रीतीच्या उजेडात मराठीतील एका गीताचे पुनर्वाचन करता येते. हे गीत बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरच्या कवीचे आहे आणि मराठी भावगीताचा प्रारंभ सांगताना त्याचे नाव घेतल्यावाचून सहसा कोणी पुढे जात नाही. प्रभावाचा प्रश्न येथे उद्भवत नाही. मेहकर आणि तालिन यांच्यात कोणतीही देवघेव झालेली नाही. तुलना आहे ती पद्धतींची.

ना. घ. देशपांडे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९०९ रोजी मेहकर तालुक्यातील शेंदुर्जन येथे झाला. त्यांनी मेहकरला वकिली केली आणि १० मे २००० रोजी मृत्यू येईपर्यंत पुण्यामुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळांपासून ते दूरच राहिले. मेहकर हे घाटावरचे गाव. मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे जातो. या अंतराचा उल्लेख त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार येतो, आणि त्यातून एकांतात रमलेल्या निसर्गकवीची प्रतिमा तयार होते. प्रतिमा पूर्णतः खोटी नसेल. परंतु तिने एक महत्त्वाची वस्तुस्थिती झाकली जाते. हा कवी आपल्या पिढीतील बहुतेकांच्या आधी एका आधुनिक यंत्राच्या द्वारे महाराष्ट्राला माहीत झाला. ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३०च्या दशकाच्या प्रारंभी तिची तबकडी निघाली. ‘शीळ’ याच नावाचा देशपांडे यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ साली. म्हणजे सुमारे दोन दशके ही कविता अनेकांनी ऐकली ती पुस्तकात वाचण्यापूर्वी. संग्रह हाती आला तेव्हा वाचक पानावरील ओळींना आपल्या कानातली चाल लावूनच वाचणार, हे ठरून गेलेले होते. मुद्रित संहिता आधी आणि तिचा प्रयोग नंतर, हा साहित्यविचाराने गृहीत धरलेला क्रम येथे उलटा झाला आहे. ‘अभिसार’ (१९६३) आणि ‘खूणगाठी’ (१९८५) या पुढील संग्रहांविषयी, साहित्य अकादमीने १९८६ मध्ये ‘खूणगाठी’चा केलेल्या सन्मानाविषयी समीक्षेने लिहिले आहे, या उलट्या क्रमाविषयी मात्र फारसे लिहिलेले नाही.

त्या तबकडीचे तांत्रिक रूप लक्षात घेतल्यावाचून तिचे वाङ्मयीन रूपही समजत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. कडव्यांची संख्या, पुनरावृत्तीची मुभा, मुखड्याकडे परतण्याचा वेग हे सर्व त्या तीन मिनिटांनी ठरविले. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. १९२५ पासून विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि भोंग्यासमोर आवाज फेकण्याची आवश्यकता संपली. संगीत रंगभूमीवरील गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचावयाचे असे. त्याच्या आवाजाची घडणच त्या गरजेतून झाली होती. मायक्रोफोनसमोरच्या गायकाला कोणापर्यंतही पोचावयाचे नव्हते. तो जवळून, हळू, जणू एकाच माणसाशी बोलावे तसे गाऊ शकला. भावगीताचा आत्मनिष्ठ, हळुवार, कानाशी येणारा स्वर हा कवितेच्या आत्मनिष्ठेतून निघाला असे मानले जाते. तो तितकाच, किंबहुना अधिक, मायक्रोफोनमधून निघाला आहे. या मर्यादित अर्थाने भावगीत हे मराठीतील पहिले विद्युत्-संगीत म्हणता येईल. घरातील एका खोलीत, चार माणसांत ऐकले जाणारे म्हणून ते कक्षसंगीतही होय.

आता मुख्य मुद्दा. भावगीतापूर्वी मराठी कविता गाइली जात नव्हती असे नाही. उलट ती गाइली जाण्यासाठीच रचली जात असे. आर्या, साकी, दिंडी, ओवी यांची प्रत्येकीची परंपरागत चाल होती, आणि त्या छंदातील कोणतीही रचना त्या चालीवर म्हणता येत असे. शाळेत श्लोक पाठ केलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाला जी लोकप्रियता मिळवून दिली तिच्या मुळाशीही वृत्त आणि चाल यांचे हेच नाते होते. त्यांनी ते अधिक सुरेल केले, इतकेच. या व्यवस्थेत चालीचे उगमस्थान कवितेचा अर्थ नव्हता. अक्षरांचा आणि मात्रांचा क्रम हे ते उगमस्थान होते. शृंगार असो की वैराग्य, आर्या आर्येसारखीच म्हटली जाई. भावगीताने हे नाते तोडले. प्रत्येक कवितेला तिची स्वतःची, तिच्या भावाला शोभणारी चाल मिळाली. त्यातून मराठी गीताला जे वैविध्य, जी नजाकत, रागांचा जो सूचक वापर मिळाला त्याचे मोल मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण या लाभाची किंमत कोणती, याचा हिशेब राहून गेला. चालीचा उगम छंदाकडून अर्थाकडे सरकला त्या क्षणी ‘शब्द’ हा ध्वनी म्हणून संगीताचा जनक राहिला नाही. तो संगीताने वाहून न्यावयाचा ऐवज झाला. ‘शब्दप्रधान’ हे नाव रूढ झाले ते या घटनेनंतर. शब्दाचे एक प्राधान्य संपल्यावर त्याला प्राधान्याची पदवी मिळाली, यातील विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे.

साहित्यशास्त्राच्या बाजूनेही याच सुमारास तशीच हालचाल झाली. बा. सी. मर्ढेकर हेही १९०९ सालचेच. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात लयतत्त्वाला केंद्रस्थान आहे. परंतु साहित्याचे माध्यम नाद नव्हे, शब्दांचा भावनात्मक अर्थ होय, अशी त्यांची भूमिका आहे. लय ही या अर्थांच्या परस्परसंबंधांची लय. वाङ्मयाला संगीताच्या छायेतून सोडविण्यासाठी ही भूमिका आवश्यक होती, हे मान्य करावे लागते. मात्र तिचा परिणाम असा झाला की कवितेच्या नादरूपाविषयी बोलणे हे पुढील पिढीच्या समीक्षेला अलंकारचर्चेइतकेच जुनाट वाटू लागले. स्वतः मर्ढेकरांनी ‘कांही कविता’ (१९४७) मध्ये अभंग आणि ओवी या अक्षरसंख्येवर उभ्या असलेल्या घाटांना जे नवे आयुष्य दिले, आणि आकाशवाणीसाठी ज्या संगीतिका लिहिल्या, त्यांच्याकडे पाहिले असता सिद्धान्ताने बाहेर ठेवलेला नाद कवीने मागच्या दाराने आत घेतला होता, असेच म्हणावे लागते.

तॉर्मिस (१९३०–२०१७) यांच्या उदाहरणाचे महत्त्व येथे आहे. एस्टोनियाच्या लोकगीतांची जुनी परंपरा रेगिलाउल या नावाने ओळखली जाते. तिची ओळ साधारणतः आठ अक्षरांची, चार गणांची असते. तीत यमक नसते, आद्यानुप्रास असतो, आणि एक ओळ जे सांगते तेच पुढची ओळ निराळ्या शब्दांनी सांगते. एक स्त्री ओळ म्हणते, समूह शेवटच्या अक्षरांवर तिला गाठतो आणि ती ओळ पुन्हा म्हणतो. चाली थोड्या, गीते असंख्य. जात्यावरच्या ओवीशी असलेले साम्य मराठी वाचकाला सांगावयास नको. तेथेही एक चाल शेकडो ओव्यांना पुरते, तेथेही जोडीदारीण ओळ उचलून साथ देते, तेथेही ‘बाई’, ‘गं’ यांसारखी अर्थाने रिकामी अक्षरे चालीचे माप भरून काढतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जमविलेल्या ओव्यांच्या प्रचंड संग्रहाचा अभ्यास मराठीत प्रामुख्याने स्त्रीच्या अनुभवाचा दस्तऐवज म्हणून झाला. तो तसा व्हावयासच हवा होता. परंतु त्यांच्या नादरचनेतून नवे कलासंगीत निर्माण करावे, असे कोणाही मराठी रचनाकाराला वाटले नाही. तॉर्मिस यांनी आयुष्यभर नेमके तेच केले. ‘विस्मृत जनसमूह’ असा ज्याच्या नावाचा अर्थ होतो तो त्यांचा समूहगानाचा सहा खंडांचा प्रकल्प १९७० ते १९८९ या काळातील आहे. लिव्होनियन, व्होटिक, इझोरियन, इंग्रियन, वेप्सियन आणि कारेलियन या अस्तंगत होत चाललेल्या किंवा दुबळ्या झालेल्या भाषांची गीते त्यांनी घेतली. गीताची मूळ चाल त्यांनी बहुधा मोडली नाही, सजविली नाही, तिचा ‘विकास’ केला नाही. ओळीची पुनरावृत्ती तशीच ठेवून तिच्याभोवतीचा स्वरसमूह ते बदलत नेतात. लिव्होनियन ही जन्मभाषा असलेली शेवटची व्यक्ती २०१३ मध्ये निवर्तली. १९७० साली रचलेला त्या भाषेचा खंड गाणारे गायक त्यापूर्वीही ती भाषा समजून गात नव्हते. अर्थ न कळता ते जे गात होते तेही शब्दच होते. शब्दप्राधान्य आणि अर्थप्राधान्य यांची फारकत याहून स्पष्टपणे दाखविता येणार नाही.

१९७२ मधील त्यांची ‘लोखंडाला शाप’ ही रचना अधिक गाजली. समूहस्वर, दोन एकल गायक आणि चामड्याचा एक ढोल एवढ्याच साधनांवर ती उभी आहे. युद्धविरोधी आशयामुळे ती गाजली असे म्हटले जाते. पण तिचा दाब आशयातून येत नाही. आठ अक्षरांचा तोच तो ठेका मंत्रासारखा पुन्हा पुन्हा पडत राहतो आणि ऐकणाऱ्याला श्वास घेण्याची जागा उरत नाही, यातून तो येतो.

लिथुआनियाचे ब्रोन्यूस कुतावीच्युस (१९३२–२०२१) यांच्या संदर्भात केवळ इतके नोंदविणे पुरे की, त्यांच्या १९७८ मधील ‘मूर्तिपूजकांचे अखेरचे विधी’ या रचनेमागे सुतार्तीनेस या स्त्रीगीतांची परंपरा आहे. त्यांत लगतच्या स्वरांवरचे दोन आवाज एकमेकांना घासत जातात आणि पालुपदांतील अक्षरांना कोशात अर्थ सापडत नाही.

याउलट पॅर्त यांचे उदाहरण एक सोपा निष्कर्ष अडवून धरते. मातृभाषेच्या, लोकभाषेच्या नादातून संगीत निपजते, असा राष्ट्रवादी सिद्धान्त तॉर्मिस यांच्यावरून कोणी काढील. १९३५ साली जन्मलेल्या पॅर्त यांच्या महत्त्वाच्या कंठसंगीतरचना मोठ्या प्रमाणात लॅटिन आणि चर्च-स्लाव्होनिक या कोणाच्याही मातृभाषा नसलेल्या भाषांतील आहेत. १९७६ मध्ये ‘आलिनासाठी’ या पियानोच्या छोट्या रचनेपासून त्यांनी जी पद्धत सिद्ध केली तीत दोन आवाज असतात. एक पायरीपायरीने चालतो, दुसरा एकाच त्रिस्वरातील स्वर घंटेसारखे वाजवीत राहतो. पुढच्याच वर्षीच्या ‘मिस्सा सिलाबिका’मध्ये ही पद्धत भाषेला जोडली गेली, रचनेचे नावच ‘अक्षरांचे’ आहे. शब्दात जितकी अक्षरे तितक्या पायऱ्या आवाज मध्यवर्ती स्वरापासून दूर जाणार किंवा त्याकडे येणार. शब्दाचा अर्थ काहीही असो. १९८२ मधील ‘पासिओ’मध्ये विरामचिन्हेदेखील कामाला लागली. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांच्या आधीचे शब्द किती लांबवावयाचे याचे नियम आहेत, आणि सत्तर मिनिटांची ती रचना त्या नियमांनी बांधलेली आहे. ख्रिस्ताच्या वधाची कथा सांगणाऱ्या या संगीतात आक्रोशाच्या जागी आक्रोश नाही. भावाला अनुसरणारी चाल शोधण्यास सरावलेल्या मराठी कानाला हे प्रथम कोरडे वाटेल. थोडा वेळ थांबल्यास असे लक्षात येते की शब्दाला इतक्या निष्ठेने अनुसरणारे संगीत क्वचितच आढळते. निष्ठा आहे ती त्याच्या देहाशी.

आणि हे तत्त्व मराठीला परके आहे काय? माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’मध्ये छंद, वृत्त आणि जाती यांचा जो भेद केला त्यात छंद म्हणजे लगत्वभेदाच्या पलीकडची, केवळ अक्षरसंख्येवर उभी रचना. अभंग म्हणताना ऱ्हस्व अक्षरही दीर्घाइतकाच काळ घेते. सहा, सहा, सहा, चार अशा अक्षरगटांवर टाळ पडतो. शेगावहून पंढरीला जाणाऱ्या दिंडीत ही मोजणी पायांनी होते. अर्थाचा उत्कर्ष कोणत्या चरणात आहे याची टाळाला फिकीर नसते. पॅर्त यांनी मठातील उपासनासंगीताच्या अभ्यासातून जे शोधले त्याच्या शेजारचे काहीतरी मराठीत सातशे वर्षे चालत आले आहे. फरक इतकाच की अशोक दा. रानडे यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर ते धर्मसंगीताच्या आणि लोकसंगीताच्या कोटीत राहिले. कलासंगीत त्याच्याकडे वळले तेव्हा अभंगाला राग देऊन, म्हणजे स्वरप्रधान करून. आणि जनसंगीत वळले तेव्हा त्याला भाव देऊन.

भूगोलाचा मोह येथे एकदा बाजूला सारलेला बरा. एस्टोनियाच्या सारेमा बेटावर काली नावाचे उल्काविवर आहे. बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. लेन्नार्ट मेरी यांनी १९७६ मधील आपल्या पुस्तकात कालीच्या उल्कापाताचे पडसाद उत्तरेच्या पुराकथांत आणि गीतांत शोधले. लोणारला लवणासुराची कथा आहे. आकाशातून पडलेल्या अग्नीने दोन्हीकडे गीताला जन्म दिला असे एक देखणे वाक्य येथे लिहिता येते, आणि अशी वाक्ये लिहिली जातात. कालीचे मुख्य विवर शंभरएक मीटर रुंद, लोणारचे पावणेदोन किलोमीटरहून अधिक. पण गीताच्या घडणीविषयी दोन्ही सारखीच मुकी आहेत. ‘नॉर्डिक शांतता’ आणि ‘वऱ्हाडातील रान’ या दोन्ही कल्पना समीक्षेला कृतीचे विश्लेषण टाळण्याची सवलत देतात.

रान सोडून शब्दाकडे यावे. ‘शीळ’ या कवितेचा विषयच मुळी शब्दहीन ध्वनी आहे. बोलणारी स्त्री आहे. तिच्यापर्यंत पोचते ती प्रियकराची शीळ, त्याचे बोलणे नव्हे. कवितेपुढची समस्या अशी की शब्दांच्या माध्यमातून अशा एका हाकेला उभे करावयाचे आहे जिला शब्द नाहीत. हे काम मुख्यतः शीर्षकातला शब्दच करतो. ‘श’ मध्ये तालूजवळून हवा घासत जाते. तो स्वतःच अर्धी शीळ आहे. पुढचा दीर्घ ‘ई’ मराठीतील सर्वांत उंच, चिंचोळा स्वर. गायकाला तो हवा तितका लांबविता येतो. आणि शेवटचा ‘ळ’ जिभेचे टोक मागे वळवून त्या लांबणीला झटका देऊन बंद करतो. घर्षण, विस्तार, रोध असे तीन क्षण एका अक्षरात आहेत. येथे एक गोष्ट विचार करावयास लावते. वऱ्हाडीच्या अनेक बोलरूपांत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. त्या उच्चारात ‘शीळ’ची ‘शीय’ होईल आणि तो झटका नाहीसा होऊन ध्वनी उघडाच राहील. देशपांडे यांनी कवितेत बोलीचे रंग घेतले आहेत, पण ते शब्दरूपांपुरते; ‘ळ’ प्रमाण ठेवला आहे. हा केवळ संकोच होता असे मानण्याचे कारण नाही. बंद होणारी शीळ त्यांना हवी असावी, असे कवितेच्या घडणीवरून वाटते. परंतु भावगीताच्या गायनपरंपरेने पुढे जे केले त्यात निवड दिसत नाही. तिने बोलीचा उच्चार प्रमाण उच्चारात विरघळविला आणि बोलीतील शब्द ‘ग्रामीण गोडवा’ म्हणून शिल्लक ठेवले. तॉर्मिस यांच्या रचनांत गायकांना मरू घातलेल्या भाषेचा उच्चार आत्मसात करावा लागतो, कारण संगीत त्या उच्चारातच आहे. मराठी भावगीतात वऱ्हाडीचा, अहिराणीचा, मालवणीचा उच्चार शिकण्याची आवश्यकता गायकाला भासली नाही, कारण संगीत अर्थात होते आणि अर्थ प्रमाण भाषेतही पोचत होता.

या तुलनेवर आक्षेप घेता येतील. एस्टोनियात समूहगानाची संस्था आहे, १८६९ पासूनचे गीतमहोत्सव आहेत, संगीत लिहून ठेवण्याची लिपी सर्वांना अवगत आहे. मराठीत यांपैकी काही नाही, तेव्हा एकट्या गायकाच्या तीन मिनिटांच्या तबकडीकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप अर्धा खरा आहे. साधनांचा अभाव रचनेच्या विस्ताराला मर्यादा घालतो. शब्दाकडे कोणत्या बाजूने पाहावे हे तो ठरवीत नाही. दुसरा आक्षेप असा की भावगीताच्या उत्तम गायकांना अक्षराची जाण होतीच. होती, ती गाताना होती, सिद्धान्तात नव्हती, आणि म्हणून ती गायकागणिक जन्मली आणि संपली.

सारिआहो (१९५२–२०२३) यांच्याकडे शेवटी वळणे युक्त आहे, कारण त्यांनी यंत्राचा प्रश्नही सोडविला. हेल्सिंकीत जन्मलेल्या सारिआहो १९८२ पासून पॅरिसच्या इर्काम या ध्वनिसंशोधन केंद्राच्या परिसरात घडल्या. १९९६ मधील ‘लोञ’ ही त्यांची रचना एक स्त्रीस्वर आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांच्यासाठी आहे. काव्य बाराव्या शतकातील ऑक्सिटन कवी जोफ्रे र्‍युदेल याचे. शीर्षकाचा अर्थ ‘दूर’. न पाहिलेल्या, समुद्रापलीकडच्या स्त्रीवरचे हे प्रेम पुढे २००० साली त्यांच्या पहिल्या ऑपेराचाही विषय झाले. ऑक्सिटन, फ्रेंच आणि इंग्रजी भाषांत वाचलेले तेच काव्य ध्वनिमुद्रित स्वरूपात गायिकेच्या मागून, बाजूंनी ऐकू येते. कुजबुज, श्वास, अर्धवट अक्षरे. शुद्ध स्वर आणि खरखर यांना सारिआहो यांनी एका अक्षाची दोन टोके मानले आहे. जुन्या संगीतात विसंवादाकडून संवादाकडे जाण्यातून जो ताण निर्माण होई तो त्या खरखरीकडून स्वच्छ स्वराकडे जाण्यातून निर्माण करतात. भाषेत हे दोन्ही असतेच, व्यंजन ही खरखर आणि स्वर हा नाद. त्यामुळे ‘लोञ’मध्ये शब्द गाइला जात असताना त्याचे व्यंजनांचे कवच वेगळे आणि त्यातील स्वर वेगळा ऐकू येतो, आणि प्रियेचे दूर असणे हे वर्णन न राहता कानातले अंतर होते.

‘शीळ’ आणि ‘लोञ’ यांचा विषय एक आहे. दुरून येणारा आवाज, आणि तो वाहून आणणारे यंत्र. जी. एन. जोशी पुढे दीर्घकाळ एच. एम. व्ही.च्या ध्वनिमुद्रण विभागात होते. १९६७ मधील ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या संतूर, बासरी आणि गिटार यांच्या तबकडीची निर्मिती त्यांची. पॅर्त जगाला माहीत झाले तेही १९८४ साली ‘तबुला रासा’ या तबकडीमुळे. आडबाजूच्या ठिकाणांहून निघालेल्या संगीताला विसाव्या शतकात ध्वनिमुद्रण हाच राजमार्ग होता, यात नवल नाही. पण १९३०च्या दशकातील लाखेच्या तबकडीची एक शारीरिक मर्यादा होती. तिच्यावर उंच कंप्रतेचे ध्वनी नीट उमटत नसत, आणि सुईचे घर्षण स्वतःच एक अखंड ‘श’ उच्चारीत असे. ‘स’, ‘श’, ‘च’ ही वर्णमालेतील सर्वांत घर्षक व्यंजने त्या खरखरीत मिसळून जात. ‘शीळ’च्या तबकडीवर म्हणूनच ‘ई’ चांगला ऐकू येणार, ‘ळ’ बराचसा ऐकू येणार, आणि ज्या एका वर्णात प्रत्यक्ष शीळ आहे तो सुईच्या आवाजापासून वेगळा काढणे कठीण जाणार.